आजोबांचा व्हायोलिनचा जुना गज : दुरुस्ती किती करावी आणि विकावा कसा?

फोंड्याची नात (प्रश्न)

नमस्कार. माझे आजोबा फोंडा तालुक्यातून मुंबईला आले आणि १९५०च्या दशकात हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन वाजवून त्यांनी घर चालवले. त्या काळच्या वाद्यवृंदांत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये स्वरलिपी शिकून आलेले पुष्कळ वादक होते, आणि हा गज त्यांच्यापैकीच एका सहकाऱ्याकडून आजोबांनी विकत घेतला, एवढेच आम्हाला आजीकडून ठाऊक आहे. व्हायोलिन पुढे काकांकडे गेले. गज मात्र गिरगावातल्या घरी कपाटात, कापडात गुंडाळलेला, तीस-पस्तीस वर्षे तसाच राहिला.

गेल्या महिन्यात घर आवरताना तो हाती आला. कापड सोडले तेव्हा केसांचा अर्धा झुपका गळून माझ्या मांडीवर पडला, आणि नीट पाहिले तर त्या केसांची टोके कात्रीने कापल्यासारखी दिसत होती. काठी गडद तांबूस-तपकिरी आहे. हाताकडच्या भागात अष्टकोनी, पुढे गोल होत गेलेली. फ्रॉग, म्हणजे हाताकडच्या बाजूला केस धरून ठेवणारा ठोकळा, काळ्या लाकडाचा असून त्यावर शिंपल्याची चकती आणि चकतीभोवती धातूचे बारीक कडे आहे. टोकाला पांढरी पट्टी आहे, तिला केसाएवढी चीर गेली आहे. केस ताणण्याचा स्क्रू अजिबात फिरत नाही. फ्रॉगच्या वर काठीवर रोमन अक्षरांत ‘टूर्त’ असा शिक्का आहे, आणि इंटरनेटवर हे नाव शोधल्यापासून घरात सगळ्यांच्या अपेक्षा फार वाढल्या आहेत.

मला तो विकायचा आहे, कारण माझी भाची व्हायोलिन शिकते आहे आणि तिला आता पूर्ण मापाचे चांगले वाद्य लागणार आहे. आजोबांच्या गजातून तिचे वाद्य यावे असे मनापासून वाटते. आमच्याकडे फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर आठशे रुपयांत गज नव्यासारखा करून देतो म्हणतात. दुसरीकडे एका अनोळखी गृहस्थांनी केवळ फोटो पाहून, आहे त्या स्थितीत पंधरा हजार देऊ केले आहेत आणि ते रोज निरोप पाठवून घाई करत आहेत. आधी पॉलिश करावे की आधी विकावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गजदुरुस्ती, पुणे

ताई, सर्वांत आधी एक विनंती : पॉलिश करू नका, आणि पंधरा हजारांनाही अजून होकार देऊ नका. जुन्या गजाचे मोल त्याच्या मूळ कडांत, मूळ रंगात आणि शिक्क्याच्या अक्षरांच्या खोलीत असते, आणि पॉलिश पेपर या तिन्ही गोष्टी दहा मिनिटांत पुसून टाकतो. अष्टकोनी काठीच्या धारा एकदा गोल झाल्या की त्या पुन्हा आणता येत नाहीत, कारण त्यासाठी आणखी लाकूड काढावे लागते आणि काठी बारीक होऊन तिचा जोर जातो. माझ्याकडे असे ‘नवे’ झालेले गज येतात तेव्हा फार वाईट वाटते, कारण मूळ कारागिराच्या रंध्याच्या खुणा ज्या जागी दिसायला हव्यात त्या जागी केवळ चकाकी उरलेली असते.

शिक्क्याविषयी स्पष्टच सांगतो. फ्रांस्वा झाव्हिए टूर्त हा पॅरिसचा कारागीर. तो १८३५ मध्ये वारला. आरंभी घड्याळे बनवण्याचे काम शिकलेल्या या माणसाने आजच्या गजाचे रूप पक्के केले : पेर्नांबुको लाकूड, ते तापवून आतल्या बाजूला दिलेला बाक, आणि सुमारे ७४-७५ सेंटिमीटरची लांबी. मात्र स्वतःच्या गजांवर तो सहसा शिक्का मारत नसे. ‘टूर्त’ असा ठळक शिक्का असलेले जे गज आपल्या हाती येतात, ते जवळजवळ सर्व जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या मार्कनॉयकिर्शेन आणि आसपासच्या गावांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे व्यापारासाठी बनलेले आहेत. त्या व्यापारात टूर्त, बाउश, डॉड ही नावे कारागिराची सही म्हणून नव्हे, तर नमुन्याचे नाव म्हणून मारली जात. यामुळे गज टाकाऊ ठरत नाही. त्या गावांतल्या चांगल्या हातांनी उत्तम गज केले आहेत, आणि शिक्का कोणताही असला तरी काठी चांगली असू शकते. म्हणून शिक्का बाजूला ठेवून काठी पाहू या.

आपण घरी पुढील गोष्टी पाहून कळवा. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर गजाचे वजन करा. व्हायोलिनचा पूर्ण गज साधारण साठ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, आता केस अर्धे गळल्यामुळे थोडा कमी भरेल. सोनाराला धातू घासून पाहू मात्र देऊ नका. चांदी काळी पडते. जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी मुळीच नसते, तांबे, जस्त आणि निकेल असते, ते पिवळसर-हिरवट दिसू लागते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कारखानदार चांगल्या काठ्यांना चांदी बसवत आणि साध्या काठ्यांना जर्मन सिल्व्हर. मग बटणाकडचे (स्क्रू फिरवतो त्या बाजूचे) टोक डोळ्यापाशी धरून, बंदुकीचा नेम धरावा तशी काठी टोकापर्यंत पाहा : ती डावीउजवीकडे झुकली आहे का, पीळ पडला आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टोकाच्या डोक्याची बाजू भिंगाखाली तिरप्या उजेडात तपासा. चीर पांढऱ्या पट्टीपुरती असेल तर ती सहज बदलता येते, पण तीच चीर लाकडात शिरली असेल तर सगळा हिशेब बदलतो. डोके एकदा मोडले की ते कितीही कौशल्याने जोडले तरी बाजारात गजाची बहुतेक किंमत गेलेली असते.

स्क्रूला पक्कड लावू नका आणि तेलही सोडू नका. आत पोलादी स्क्रू पितळी डोळ्यात, म्हणजे फ्रॉगला बसवलेल्या आट्यांच्या कडीत, गंजून बसलेला असतो; जोर केला तर काठीचे शेवटचे टोक फुटते, आणि तेल टाकले तर ते लाकूड पिऊन टाकते व पुढे तिथे डिंक धरत नाही. ते काम कारागिराकडे बटणाला हळूहळू ऊब देऊनच व्हावे.

केसांची टोके कापल्यासारखी दिसतात याचे कारण म्हणजे बंद पेटीत आणि कपाटात केस खाणारी बारीक अळी. गज गुंडाळलेले कापड टाकून द्या, कपाटाचा तो कप्पा रिकामा करून झाडा, आणि काकांच्या व्हायोलिनची पेटीसुद्धा एक दिवस उन्हात उघडी ठेवा. व्हायोलिन मात्र त्याआधी बाहेर काढून सावलीत ठेवा.

दादरचा वादक

वरच्या उत्तरातील प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. केस बसवण्याच्या वेळेविषयी मात्र स्वतःच्या नुकसानीतून शिकलेली एक गोष्ट सांगतो, कारण मुंबईकरांनी ती जाणून घ्यायलाच हवी.

घोड्याचे केस दमट हवेत लांबतात आणि कोरड्या हवेत आखडतात. काही वर्षांपूर्वी मी माझा आवडता गज भर जुलैत एका दुरुस्ती करणाऱ्याकडे केस बदलायला दिला. त्याने त्या दिवशीच्या हवेत केस अगदी बेताचे ताणून, ते धरून ठेवणारी लाकडी पाचर ठोकून परत दिले, आणि मला तेव्हा काहीच वावगे दिसले नाही. जानेवारीत कार्यक्रमासाठी नागपूरला गेलो. वाजवून झाल्यावर नेहमीप्रमाणे स्क्रू ढिला करू लागलो तर फ्रॉग पुढे सरकून अडला, आणि तरीही केस ताठच राहिले. दमलो होतो, तसाच गज पेटीत ठेवून झोपलो. सकाळी पेटी उघडली तेव्हा काठी डावीकडे वाकलेली होती. सतारीच्या दांडीला पीळ पडावा तशी ती मला दिसली आणि अक्षरशः पोटात खड्डा पडला. पुढे एका जाणत्या कारागिराने ती उष्णतेवर सरळ करून दिली, पण टोकापासून एक वीत अंतरावर ती आजही किंचित कमकुवत लागते. त्यामुळे पावसाळ्यात केस बसवायचे असतील तर ते थोडे सैल, लांब ठेवायला सांगा. आणि शक्य असेल तर ते काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा.

दुसरे, आपल्या निर्णयाविषयी. आपण विकण्याचे ठरवले आहे आणि त्यामागचे कारण चांगले आहे, पण केस बसवून एकदा तो गज भाचीच्या हाती देऊन पाहावा, असे मला फार कळकळीने वाटते. श्रीधर पार्सेकर आणि गजाननबुवा जोशी यांच्यासारख्या वादकांनी आपल्याकडे व्हायोलिन गाते केले. त्या गायकी अंगात एकाच गजात लांब मींड, तीही अंतऱ्याच्या वरच्या षड्जापासून संथपणे खाली आणायची असते, आणि तिथे आजच्या स्वस्त फायबरच्या गजापेक्षा चांगली जुनी काठी हाताला किती वेगळी लागते ते वाजवणाऱ्यालाच कळते. मुलीकडे चांगले व्हायोलिन आले आणि गज मात्र शिकाऊच राहिला, तर अर्धे काम अपुरे राहील.

फोंड्याची नात

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. पॉलिशवाल्यांना आज नाही म्हणून सांगितले.

सोनाराकडे वजन ५६ ग्रॅम भरले. काठी दोन्ही बाजूंना सरळ आहे, मला तरी पीळ दिसला नाही. धातूवर काळपट थर आहे, पिवळसर छटा नाही. भिंगातून पाहिल्यावर शिक्क्याच्या विरुद्ध बाजूला, फ्रॉगजवळ, बारीक अक्षरांत ‘जर्मनी’ असे लिहिलेले आढळले. डोक्याच्या लाकडात चीर दिसत नाही, ती फक्त पांढऱ्या पट्टीत आहे. त्या पट्टीत भिंगाखाली टाचणीच्या टोकासारखे करडे ठिपके आणि आखूड रेषा दिसतात. टोकाच्या खोबणीत पाचरीच्या कडेला काचेसारखा चमकणारा थेंब वाळलेला आहे. घाई करणाऱ्या गृहस्थांनी आता अठरा हजार म्हटले आहे, आणि शक्य तर गज त्यांच्या परदेशातील नातेवाइकांकडे थेट पाठवा असेही सुचवले आहे.

कागदपत्रवाला

मी वादक नाही, पण जुन्या वस्तूंच्या व्यवहारांतील कागदपत्रांचे काम करतो. म्हणून परदेशी पाठवण्याच्या त्या सूचनेपाशीच थांबून लिहितो.

पहिला प्रश्न पांढऱ्या पट्टीचा. जुन्या गजांच्या टोकाला हाडाची किंवा हस्तिदंताची पट्टी असे, आणि आपल्या देशात हस्तिदंत विकणे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यातील सुधारणांनी १९८६ मध्ये भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. वस्तू जुनी आहे, आजोबांची आहे, पट्टी नखाएवढी आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने विक्रीला सूट मिळत नाही. आपण सांगितलेले करडे ठिपके आणि आखूड रेषा ही हाडाची खूण आहे, कारण हाडातून रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्या गेलेल्या असतात आणि त्या कापल्यावर ठिपक्यांसारख्या दिसतात. हस्तिदंतात त्या नसतात. ही चांगली बातमी आहे. तरीही जाहिरात करण्यापूर्वी कारागिराकडून ‘पट्टी हाडाची’ असे लेखी घ्यावे. अंगठ्याखालचे कातडेही पाहून घ्या. ते साधे बकऱ्याचे असेल तर प्रश्न नाही, पण पूर्वी तिथे सरड्या-घोरपडीच्या वर्गातल्या प्राण्यांचे कातडे लावण्याची पद्धत होती, आणि घोरपड आपल्याकडे याच कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे. कासवाच्या कवचाचे फ्रॉगही असतात. आपला फ्रॉग लाकडी असल्याने ते इथे लागू होत नाही.

दुसरा प्रश्न लाकडाचा. पेर्नांबुको, म्हणजे ज्या झाडाच्या लाल रंगावरून ब्राझील देशाला नाव मिळाले तेच झाड, २००७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे संकटात असलेल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ मध्ये पनामातील बैठकीत ब्राझीलने ते सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात घालण्याची मागणी केली होती. तडजोड होऊन ते दुसऱ्याच परिशिष्टात राहिले, नियम मात्र कडक झाले, आणि तयार वाद्यांच्या व त्यांच्या सुट्या भागांच्या पुनर्निर्यातीला सवलत ठेवण्यात आली. हे नियम बदलत राहतात, म्हणून गज पाठवण्याच्या दिवशी जो नियम लागू असेल तोच पाहावा.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ या कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ब्रिटनमध्ये १८८७ चा आणि अमेरिकेत १८९० चा कायदा आल्यावर मालावर देशाचे नाव छापण्याची पद्धत रूढ झाली, म्हणून ‘जर्मनी’ हा शब्द असलेला गज त्यानंतरचा असण्याचा संभव मोठा. पण तो १९१० चा की १९३० चा यावर आपले सगळे अवलंबून आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वस्तू पुरावशेष नाही असे प्रमाणपत्र घेता येते. ते हाती आल्याशिवाय परदेशी टपालाचा विचारही करू नये. अनोळखी माणसाच्या नातेवाइकाकडे ‘थेट पाठवा’ ही सूचना तर मी पूर्णपणे नाकारली असती, कारण सीमाशुल्क विभागाने पाकीट अडवले तर पाठवणाऱ्याचे नाव आपले असते.

गजदुरुस्ती, पुणे

आपण दिलेली माहिती फार उपयोगी आहे. काळा पडलेला धातू, सरळ काठी, चीर नसलेले डोके आणि अर्धे केस नसतानाही ५६ ग्रॅम वजन, या गोष्टी एकत्र पाहिल्या तर हा चांदीचा साज असलेला, बऱ्यापैकी वरच्या दर्जाचा जर्मन गज असावा. सार्तोरीसारख्या फ्रेंच कारागिराच्या सहीच्या गजांना लिलावात जी किंमत येते तिच्याशी याची तुलना होणार नाही, हे घरच्यांना आताच सांगून ठेवा. जर्मन सिल्व्हरचे साधे व्यापारी गज काही हजारांत जातात. चांदीचे, निरोगी डोक्याचे आणि चांगल्या बाकाचे गज माझ्या पाहण्यात त्याच्या कित्येक पटींनी गेले आहेत. म्हणून अठरा हजार हा आकडा मला कमीच वाटतो. पण गज हातात घेऊन, बाक पाहून आणि काठी वाकवून तिचा जोर अजमावल्याशिवाय मी नेमकी किंमत सांगणार नाही, आणि फोटोवरून कोणी सांगितली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

तो चमकणारा थेंब मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो. केस बसवण्याची रीत अशी की केसांची जुडी दोऱ्याने घट्ट बांधायची, टोकाला राळ लावून ती जाळून गाठ पक्की करायची, आणि खोबणीच्या आकाराची मऊ लाकडाची पाचर नुसती बसवायची. पाचर डिंकाने चिकटवायची नसते, कारण पुढच्या वेळी ती टाचणीने उचलून काढावी लागते. कोणीतरी घाईत झटपट चिकटणारा द्रव ओतला आहे, आणि ती पाचर आता ओढून काढली तर खोबणीची भिंत फुटून डोकेच उघडे पडेल. ती तुकड्यातुकड्याने, बारीक छिन्नीने, भिंगाखाली कोरून काढावी लागेल. अर्धा दिवस जाईल, पण हेच या दुरुस्तीतले खरे काम आहे. बाकीचे त्यामानाने सोपे : स्क्रू सोडवणे, पितळी डोळा झिजला असेल तर नवा घालणे, टोकाला नवी हाडाची पट्टी बसवणे, कातडे बकऱ्याचे लावणे, आणि पुन्हा केस. काठीला मी ओलसर फडक्यापलीकडे काहीही लावणार नाही. चांदीचा काळेपणाही तसाच ठेवेन.

जुनी पट्टी, जुना डोळा, पाचरीचे तुकडे हे सगळे मी पाकिटात घालून गजासोबत परत देईन. विकताना ते दाखवा, काय बदलले आणि काय मूळचे आहे ते एका कागदावर लिहून द्या, आणि शिक्क्याविषयी ‘टूर्त असा शिक्का असलेला जर्मन गज’ एवढेच लिहा. आजोबांचा वाद्यवृंदांतला एखादा जुना फोटो असेल तर तोही जोडा. त्यातून किंमत वाढेलच असे नाही, पण घेणाऱ्याला गज कोणाच्या हातातून आला ते कळते.

दादरच्या वादकांशी मी एका बाबतीत थोडा असहमत आहे. भाची अजून मोठी होते आहे आणि तिचा हात बसलेला नाही. या वयात तिला साठ ग्रॅमचा, मध्यम जोराचा, न घाबरता वापरता येईल असा गज हवा. जुन्या काठीची काळजी तिच्यावर आताच टाकू नये.

दादरचा वादक

हे मान्य आहे. मात्र विकण्यापूर्वी एकदा तिच्या हातून वाजू द्या, एवढाच माझा आग्रह राहील.

फोंड्याची नात

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. त्या गृहस्थांना नकार कळवला. गज मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतः पुण्याला घेऊन येते, टपालाने पाठवत नाही. आजोबांचा एक फोटो सापडला आहे. त्यात ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि गजाच्या टोकाची पांढरी पट्टी स्पष्ट दिसते. प्रवासात गज कशात ठेवावा?

गजदुरुस्ती, पुणे

नळ फिटिंगवाल्याकडे मिळणारा दीड इंची पीव्हीसी पाइप ऐंशी सेंटिमीटर कापून घ्या, आतून मऊ सुती कापड लावा, आणि फ्रॉग आत हलणार नाही इतपत कापसाची गादी करा. उरलेले केस मात्र कापू नका. गाठ कशी बांधली आहे ते मला पाहायचे आहे. आणि तो फोटो अवश्य सोबत आणा.